‘सोडून’ म्हणजे आधी की नको? निफाडच्या द्राक्षगटातील एका संदेशाचे प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाचे आहे. साठेक सभासद, बहुतेकांच्या बागा दोन ते पाच एकरांच्या, सगळ्या ड्रीपवर, म्हणजे ठिबक सिंचनावर. गटाने एक कृषी सल्लागार नेमला आहे. तो बागा फिरतो आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे काम गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवतो. गावांची नावे गाळली आहेत आणि कोणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या भागात दिवस तारखेने मोजत नाहीत, छाटणीपासून मोजतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की “बाग किती दिवसांची?” हाच प्रश्न. चाळीस दिवसांच्या आसपास बाग फुलोऱ्याच्या तोंडाशी येते. तोवर स्फुरदाचे (फॉस्फरसचे) विद्राव्य खत चालू असते, बहुधा १२-६१-०, म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट. फुलोरा आणि सेटिंगच्या, म्हणजे मणी धरण्याच्या, काळात कॅल्शियम नायट्रेट सुरू होते. एक खत थांबून दुसरे सुरू होण्याचा हा सांधा आहे.

या सांध्यावर जपावे लागते. कॅल्शियम आणि फॉस्फेट एका पाण्यात आले की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका तयार होतो आणि ड्रीपरच्या बारीक वाटेत जाऊन बसतो. सल्फेटचेही तसेच. मॅग्नेशियम सल्फेट किंवा ०-०-५० (सल्फेट ऑफ पोटॅश) बरोबर कॅल्शियम नायट्रेट गेले तर जिप्सम तयार होते, आणि ते काढणे तर आणखी अवघड. म्हणून कॅल्शियम नायट्रेट एकटे द्यायचे. त्याच दिवशी दुसरे खत द्यायचेच झाले तर मध्ये किमान अर्धा तास साधे पाणी चालवायचे. शहाणपण मात्र दोन वेगळे दिवस धरण्यात. जुन्या बागायतदारांना हे ठाऊक असते. सल्लागाराने ते सगळ्यांना ठाऊक आहे असे धरून लिहिले.

संदेश

“४० दिवसांपुढील बागांनी उद्या १२-६१-० सोडून कॅल्शियम नायट्रेट एकरी ५ किलो ड्रीपने द्यावे. रात्री पाऊस झाल्यास सोडा.”

लिहिणाऱ्याच्या मनात होते ते असे: १२-६१-० आता बंद करा, त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट द्या, आणि रात्री पाऊस झाला तर उद्याचे खत राहू द्या.

दोन वाक्यांत ‘सोड’ दोनदा आला, दोन्हीकडे ‘नको’ या अर्थाने. पण ड्रीपच्या बागेत ‘खत सोडणे’ म्हणजे खत देणे. “आज काय सोडायचं?”, “ह्युमिक सोडलं का?” ही रोजची भाषा. त्या कानाने वाचले तर पहिले वाक्य सांगते की आधी १२-६१-० द्या आणि मग कॅल्शियम द्या. दुसरे सांगते की पाऊस झाला तर द्या. व्याकरणात कुठेही खोट नाही.

रात्री नऊच्या सुमारास एका सभासदाने गटावर विचारले:

“साहेब, १२-६१ सोडून द्यायचं ना?”

“हो दादा, सोडून द्या.”

हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण. विचारणाऱ्याला म्हणायचे होते, ‘१२-६१ सोडायचं आणि त्यावर कॅल्शियम द्यायचं ना?’ सल्लागाराने ऐकले, ‘१२-६१ टाकून द्यायचं ना?’ दोघांचेही समाधान झाले. ज्यांना शंका होती त्या इतरांनीही हा प्रश्न आणि उत्तर वाचले, आणि प्रत्येकाला आपापला अर्थ पक्का झाल्यासारखे वाटले. संदेश दुरुस्त करायला अजून आख्खी रात्र हातात होती.

दुसऱ्या दिवशी

पहाटे हलकी सर आली. बहुतेक जण थांबले आणि त्यांचे काही बिघडले नाही. काहींनी पाऊस झाला म्हणूनच कॅल्शियम दिले. त्यांचे नुकसान डोळ्यांना दिसणारे नव्हते, पण फुलोऱ्याच्या तोंडावर ओल्या जमिनीत आणखी पाणी आणि त्यासोबत नायट्रेटचे नत्र गेले. त्याने शेंडा पळतो, म्हणजे वेलीचा जोर नुसत्या वाढीकडे जातो, आणि गळकुजीचा, म्हणजे घडातली फुले-मणी गळण्याचा आणि कुजण्याचा, धोका वाढतो.

खरी अडचण सात बागांत झाली. या सातांनी दोन्ही ‘सोड’ देण्याच्या अर्थाने घेतले. पाच जणांनी १२-६१-० व्हेंचुरीतून, म्हणजे खताचे पाणी ओढून ड्रीपमध्ये मिसळणाऱ्या जोडणीतून, दिले आणि बादली रिकामी होताच तिच्यातच कॅल्शियम नायट्रेट कालवले. दोघांनी वेळ वाचवायला दोन्ही खते एकाच टाकीत टाकली. त्यातल्या एकाच्या टाकीतले पाणी दुधट झाले. त्याने मोटर बंद करून फोन केला आणि तेव्हा कुठे सल्लागाराला पत्ता लागला. सकाळचे आठ वाजले होते.

उरलेल्यांना दुपारपर्यंत कळले नाही, कारण साका फिल्टरच्या पुढे तयार झाला होता आणि फिल्टरजवळचा दाब नेहमीसारखाच दिसत होता. खूण दिसली ती ओळीच्या टोकाला. पहिल्या वेलींखाली ओल, शेवटच्या आठ-दहा वेलींखाली कोरडे. एंड कॅप, म्हणजे नळीच्या टोकाचे झाकण, काढल्यावर पांढरा गाळ आला.

तो गाळ कशाचा हे बशीत पाहता येते. चमचाभर गाळावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. फसफसून विरघळला तर जड पाण्याचा चुना. न फसफसता विरघळला तर फॉस्फेट. विरघळलाच नाही तर जिप्सम किंवा माती. इथे थोडे फसफसून बाकी शांतपणे विरघळले. म्हणजे जुना चुना थोडा आणि नवा फॉस्फेट जास्त. ॲसिडने निघण्यासारखा होता, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

नळ्यांची दुरुस्ती

ॲसिडचे प्रमाण ऐकीव घ्यायचे नाही. ज्या विहिरीचे पाणी त्याच पाण्यावर काढायचे. दहा लिटरच्या बादलीत सिरिंजने एक-एक मिली ॲसिड टाकत, ढवळत, सामू (पीएच) मोजण्याच्या कागदावर सामू ४ येईपर्यंत जायचे. एका बागेत दहा लिटरला ६ मिली लागले. त्या बागेत ९ बाय ५ फुटांवर लागवड, म्हणजे एकरी ९६८ वेली. वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर. तासाला ७,७४४ लिटर, पंधरा मिनिटांत १,९३६ लिटर. लिटरला ०.६ मिली धरून एकरी साधारण १.१६ लिटर ॲसिड आले. शेजारच्या बागेचे पाणी वेगळे, तिथे आकडा वेगळा.

ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडू द्यायची नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू ४ आला की मोटर बंद करून नळ्या रात्रभर तशाच भरलेल्या ठेवायच्या. सकाळी आधी सबमेनचे, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या मोठ्या पाइपचे, फ्लश वॉल्व्ह, मग चार-पाच नळ्यांचे एंड कॅप एका वेळी उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचे. सगळे कॅप एकदम काढले तर दाब पडतो आणि गाळ हलत नाही. घाईत नेमके हेच होते.

सातांपैकी पाच बागा एका फेरीत मोकळ्या झाल्या. ज्या दोघांनी टाकीत एकत्र केले होते त्यांना दुसरी फेरी करावी लागली, आणि त्यातल्या एकाच्या काही नळ्या शेवटी बदलाव्याच लागल्या.

दोष कोणाचा

गटाच्या बैठकीत पहिला सूर असा लागला की ज्यांनी दोन्ही दिले त्यांना एवढे कळायला हवे होते. तो सूर टिकला नाही. एक तर मध्ये साधे पाणी चालवून दोन्ही खते एका दिवशी देता येतात. तेव्हा ‘आधी हे, मग ते’ हे वाचन वेडगळ नव्हते. दुसरे, सातांपैकी तिघे मालक नाशिक शहरात राहतात. त्यांनी संदेश वाचला आणि फोनवर सालगड्याला सांगितला: “१२-६१ सोडून कॅल्शियम दे रे.” सालगड्याने आयुष्यभर ‘सोडणे’ म्हणजे व्हेंचुरीतून देणे एवढेच केले आहे. त्याने ऐकले ते केले. वाचणारा एक आणि वॉल्व्हपाशी उभा असलेला दुसरा, ही गोष्ट संदेश लिहिताना कोणाच्या हिशेबात नव्हती.

दुसरा सूर होता, ‘साहेबांनी मराठी नीट लिहावे.’ हाही अर्धाच खरा. मराठी नीटच होती. अडचण शब्दाच्या पोटात होती, म्हणून गटाने तो शब्दच तपासायला घेतला.

शब्दाची तपासणी

मागच्या हंगामाचे संदेश उघडून त्यात ‘सोड’ शोधला. जे निघाले त्यातले काही असे:

‘ड्रीपमधून ह्युमिक सोडा.’ म्हणजे द्या.
‘कालव्याला आवर्तन आले की बागेला पाणी सोडा.’ म्हणजे सुरू करा.
‘काडीवर चार डोळे सोडून छाटा.’ म्हणजे चार ठेवून.
‘एका काडीवर एकच घड सोडा.’ म्हणजे ठेवा.
‘बांधाकडची ओळ सोडून फवारणी घ्या.’ म्हणजे वगळून.
‘उघडीप असेल तर बुधवारची फवारणी सोडली तरी चालेल.’ म्हणजे केली नाही तरी.
‘ज्यांनी यंदा बाग सोडली आहे त्यांनी खोडाकडे लक्ष द्या.’ म्हणजे यंदा पीक घ्यायचे नाही असे ठरवले.
‘संध्याकाळी मजुरांना पेठच्या गाडीला सोडा.’ म्हणजे पोहोचवा.

द्या आणि देऊ नका, ठेवा आणि वगळा, अशा उलट आज्ञा एकाच क्रियापदात बसलेल्या. बैठकीत यावर बराच हशा झाला. पण गंमत म्हणून ती बाजूला ठेवण्यासारखी नाही, कारण या सगळ्यांच्या मुळाशी क्रिया एकच आहे: धरलेले हातातून मोकळे करणे. फरक पडतो तो धरून कोणी ठेवले होते यात. पाणी वॉल्व्हने धरलेले असते, तो उघडला की ते बागेत जाते. म्हणून ‘पाणी सोडणे’ म्हणजे देणे. घड कात्रीच्या तावडीत असतो, कात्रीने त्याला सोडले म्हणजे तो वेलीवर राहिला. म्हणून ‘घड सोडणे’ म्हणजे ठेवणे. फवारणीचे काम माणसाने हाती धरलेले असते, ते सोडले म्हणजे झाले नाही. हात कोणाचा हे कळले की अर्थ कळतो. ‘१२-६१-० सोडून’ यात तो वॉल्व्हचा हात की माणसाचा, हे वाक्यात कुठेच नाही.

मराठी हे एरवी प्रत्ययाने सांगते. ‘शाळा सोडली’ म्हणजे शिक्षण थांबले. ‘शाळेत सोडले’ म्हणजे पोहोचवले. ‘शाळेतून सोडले’ म्हणजे घरी जाऊ दिले. ‘शाळेवर सोडले’ म्हणजे निर्णय शाळेच्या हाती दिला. लहान पोरही यात चुकत नाही. तसेच ‘बाग सोडली’, ‘बागेत सोडले’, ‘बागेला सोडले’. नुसते कर्म असेल तर बहुधा त्यागाचा अर्थ. कुठून, कुठे, कशात हे सांगणारा शब्द जोडला की पाठवण्याचा. म्हणून ‘गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडले’ ही बातमी कोणी चुकीची वाचत नाही. ‘धरणातून’ आणि ‘गोदावरीत’ हे दोन शब्द अर्थाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. दर काही वर्षांनी जायकवाडीसाठी पाणी सोडण्यावरून नाशिकमध्ये वाद पेटतो. तेव्हा ‘नाशिकने पाणी सोडले’ आणि ‘नाशिकने पाण्यावर पाणी सोडले’ यांतला फरक या भागात समजावून सांगावा लागत नाही.

हा दुसरा प्रयोग, कशावर तरी पाणी सोडणे, दानाच्या विधीतला आहे: वस्तू देताना हातावरून उदक सोडायचे, म्हणजे तिच्यावरचा हक्क संपला. पंचवटीत रामकुंडावर गुरुजी “संकल्प सोडा” म्हणतात तेव्हा तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडून संकल्प करायचा असतो. १ जानेवारीचा संकल्प सोडला, असे कोणी म्हणाले तर तो मोडलेला असतो. रामकुंडावर गोंधळ होत नाही, कारण तिथे पळीत पाणी असते, समोर ताम्हन असते आणि गुरुजी स्वतः बसलेले असतात. मोबाईलच्या पडद्यावर यातले काही नसते.

आता ‘सोडून’ या रूपाकडे वेगळे पाहावे लागते, कारण खरा घात त्याने केला. ‘-ऊन’ लागलेले रूप एरवी आधी झालेली क्रिया दाखवते: जेवून गेला, पाहून आला, पाणी सोडून आला. पण ‘सोडून’ हे रूप वापरता वापरता शब्दयोगी अव्ययासारखेही झाले आहे: ‘रविवार सोडून रोज’, ‘तुला सोडून सगळे’. म्हणजे ‘वगळता’. दोन अर्थांत काळाचा क्रम उलटा नाही, क्रियेचे अस्तित्वच उलटे आहे. एकात ती झाली, दुसऱ्यात झालीच नाही. त्यात पुढे ‘देणे’ आले की तिसरा गुंता. ‘सोडून देणे’ हे संयुक्त क्रियापद त्यागाचे, आणि ‘सोडून, देणे’ या दोन सुट्या क्रिया. बोलताना मधली विश्रांती हे सांगते. लिहिताना ते काम स्वल्पविरामावर पडते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वल्पविराम कोण देतो?

सल्लागाराने यातून एक चाचणी काढली, ती इतरांनाही उपयोगी पडेल. संदेशात ‘सोडून’ आले की त्याजागी एकदा ‘वगळता’ आणि एकदा ‘सोडल्यावर’ ठेवून वाक्य वाचायचे. दोन्ही वाक्ये बागेत शक्य वाटली तर ते वाक्य पाठवायचे नाही. ‘बांधाकडची ओळ सोडून फवारणी घ्या’ हे तपासणीत टिकते, कारण ओळ सोडल्यावर फवारणी घेणे याला काही अर्थ नाही. ‘१२-६१-० सोडून कॅल्शियम द्या’ टिकत नाही.

याच तपासणीत विरळणीचा एक जुना संदेश सापडला: ‘बारके घड सोडून वेलीवर ३५ घड धरा.’ मोजणीतून बारके वगळायचे एवढे कळते. पण ते बारके घड वेलीवर राहू द्यायचे की कापायचे? आदल्या हंगामात दोन बागांत ते राहिले होते, आणि तेव्हा ते मजुरांच्या आळसावर गेले होते. विरळणीच्या टोळ्या बहुधा पेठ-सुरगाण्याकडच्या असतात. त्यांच्यापैकी अनेकांची घरची बोली वेगळी असते. मुकादम तोंडाने ‘सोडा’ म्हणतो आणि हाताने दाखवतो, आणि काम त्या हाताने होते.

तोललेले पर्याय

शब्द वापरायचाच नाही. पहिली सूचना हीच आली आणि लगेच पडली. सल्लागार लिहिणे थांबवेल, पण वाचणाऱ्याच्या डोक्यातून तो जाणार नाही. फोनवर निरोप सांगताना मालक पुन्हा ‘सोडून’च म्हणणार. शिवाय ‘ड्रीपमधून सोडा’ याला तेवढा नेमका आणि तेवढा छोटा दुसरा शब्द नाही.

आवाजी संदेश. यात विश्रांती आणि हेल येतो, त्यामुळे अर्थ बराच स्पष्ट होतो. आठवडाभर करून पाहिले. पण एकराचे प्रमाण लक्षात राहत नाही, लोक पुन्हा पुन्हा ऐकतात, आणि दहा दिवसांपूर्वी काय सांगितले होते ते शोधता येत नाही. शेवटी कोणीतरी ऐकून लिहून टाकतो आणि ते लिहिलेलेच पुढे फिरते.

हिरवी बरोबरची खूण आणि लाल फुली. तरुणांना आवडली. अडचण अशी की हिरव्या खुणेचा अर्थ काही जणांनी ‘काम झाले’ असा घेतला. गटात काम केल्यावर तीच खूण टाकायची सवय आधीपासून होती.

‘वगळा’, ‘टाळा’ असे शब्द. कळतात, पण कागदी वाटतात, आणि निरोप सांगताना कोणीही “१२-६१ वगळ रे” म्हणत नाही. मग एका जुन्या बागायतदाराने सुचवले की आपण बोलताना ‘१२-६१ बंद, कॅल्शियम चालू’ असेच म्हणतो, तेच लिहा. बैठकीतली ही सगळ्यात कामाची सूचना. शब्द बाहेरून आणावा लागला नाही. तो बागेतच होता.

ठरलेली पद्धत

‘सोडणे’ लिहायचे ते फक्त कुठून किंवा कशात हे जोडून: ड्रीपमधून, बागेला, कालव्यातून. ‘सोडून’ अजिबात नाही. खतासाठी ‘बंद’ आणि ‘द्या’, घडासाठी आणि काडीसाठी ‘ठेवा’ आणि ‘काढा’. संदेश ओळींत पाडायचा, वाक्यांत गुंफायचा नाही. त्याच सल्ल्याचे नवे रूप असे झाले:

बाग: ४० ते ५० दिवस
बंद: १२-६१-०
द्या: कॅल्शियम नायट्रेट, एकरी ५ किलो, ड्रीपमधून, एकटे
टाकी: आधी धुवा, खताआधी १० मिनिटे आणि नंतर २० मिनिटे साधे पाणी
रात्री पाऊस झाला तर: खत देऊ नका, पुढचा संदेश येईपर्यंत थांबा

विरळणीसाठी: ‘वेलीवर ३५ घड ठेवा. बाकी सगळे काढा, बारकेसुद्धा.’

प्रश्नोत्तरांसाठी वेगळा नियम झाला. गटावर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यायचे नाही; पूर्ण वाक्य लिहायचे आणि विचारणाऱ्याचे क्रियापद परत वापरायचे नाही. ‘१२-६१ सोडून द्यायचं ना?’ याला उत्तर: ‘१२-६१ उद्या टाकीत घालायचं नाही. फक्त कॅल्शियम.’ हे लिहायला दहा सेकंद जास्त लागतात. त्या रात्री ती लागली असती तर निदान पाच बागा वाचल्या असत्या, असा गटाचा अंदाज आहे. विचारणारा आणि त्याच्यामागून तेच वाचणारे त्यात येतात.

महत्त्वाचा संदेश पाठवण्याआधी तो दोघांना दाखवायचा, आणि ‘कळलं का?’ असे न विचारता ‘आता तुम्ही काय करणार ते सांगा’ असे विचारायचे. दोघांपैकी एक सालगडी किंवा मुकादम असलाच पाहिजे. ‘कळलं का?’ ला सगळे ‘हो’ म्हणतात.

परिणाम

त्या हंगामात खत एकत्र झाल्याची आणखी तक्रार आली नाही. गटावरचे रात्रीचे प्रश्न कमी झाले, आणि जे येतात ते आता प्रमाणाचे असतात, अर्थाचे नसतात. विरळणीत बारके घड राहण्याचा प्रकारही थांबला, आणि त्याबरोबर मजुरांवरचा जुना आरोपही.

नव्या शब्दांनी स्वतःचा एक घोळ केलाच. ‘बंद: १२-६१-०’ खाली एकदा ‘ड्रीप’ ही ओळ चुकून लागून आली आणि एका सभासदाने दोन दिवस पाणीच बंद ठेवले. तेव्हापासून ‘बंद’च्या ओळीत खताच्या नावाशिवाय काही लिहीत नाहीत. बोलण्यात ‘सोडणे’ तसेच्या तसे आहे, बांधावर उभे राहून कोणी “खत दिलं का?” विचारत नाही, “सोडलं का?” असेच विचारतो. ते बदलावे असे कोणाला वाटलेही नाही, कारण तिथे हात वॉल्व्हवर असतो.

वेगळे काय करता आले असते

जुने संदेश तपासायला नळ्या चोंदण्याची वाट पाहायची गरज नव्हती. बारक्या घडांचा घोळ वर्षभर आधी झाला होता. तेव्हा ‘मजुरांनी ऐकले नाही’ याच्या पुढे कोणी गेले असते तर शब्द तेव्हाच हाती लागला असता.

सकाळी आठला पहिला फोन आल्यावर सल्लागार आधी त्या बागेत गेला आणि गटावरचा दुरुस्तीचा संदेश साडेदहाला पडला. क्रम उलटा हवा होता: आधी सगळ्यांना ‘ज्यांनी दोन्ही खते घातली त्यांनी मोटर चालूच ठेवा, साधे पाणी चालवा, एंड कॅप उघडा’, मग भेट. साका ताजा असताना बराचसा वाहून जातो, नळीत रात्रभर बसला की घट्ट होतो. पहिल्या बागायतदाराने मोटर बंद केली ती टाकीपुरती बरोबर होती. पण नळ्यांत जे गेले होते ते तिथेच राहिले. व्हेंचुरी बंद करून मोटर चालू, हे त्याला फोनवरच सांगायला हवे होते.

पावसाच्या ओळीचे काम अजून पुरे झालेले नाही. ‘रात्री पाऊस झाला तर’ यात शब्द साफ आहेत, पण किती पाऊस हे नाही. त्या पहाटेच्या सरीने काहींच्या पानांवरचे दवही धुतले नव्हते, आणि दोन शिवारे पलीकडे वेलींच्या ओळींमधल्या चरांत पाणी उभे होते. गटात आता पर्जन्यमापक विकत घ्यायचे की सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने मोजायचे यावर चर्चा आहे. आकडा १० मिलिमीटर धरावा असे काहींचे मत आहे. हलक्या जमिनीवाले त्याला तयार नाहीत.